वाघनखं पाहून आलात? बाकीचं दालन पाहिलंत का? (संग्रहालयं, स्मृतिदिन आणि आपली भटकंती)

रानजाई

१९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आलेली वाघनखं ठेवली होती, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय. माझं माहेर साताऱ्याचं. "तू अजून गेली नाहीस?" हे फोनवर इतक्यांदा ऐकलं की शेवटी सासूबाई, लेक आणि भाचा असं लटांबर घेऊन गेलेच. संग्रहालय एसटी स्टँडच्या अगदी जवळ आहे. गाडी कुठे लावायची याची कटकट नको असेल तर स्वारगेटहून सरळ एसटीने जा.

वस्तू लहान आहे, हे आधीच सांगते. टीव्हीवर इतकी मोठी करून दाखवलीय की प्रत्यक्षात पाहिल्यावर पहिला उद्गार "एवढीशी?" असाच निघतो. पोलादाची एक आडवी पट्टी, तिला बोटं घालायच्या कड्या आणि खालच्या अंगाला आत वळलेली नखं. मूठ मिटली की बाहेर दिसतात त्या फक्त कड्या, बाकी सगळं तळव्यात दडतं. मोठी असती तर उपयोगच नव्हता, हे सासूबाईंनी सगळ्यात आधी ओळखलं. "लपवायचं हत्यार आहे ते, लहानच असणार," म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

आता ज्यासाठी धागा काढला ते. आमच्यापुढे एक काका होते. पेटीसमोर आल्यावर त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, महाराजांचा जयजयकार केला आणि तडक बाहेर पडले. त्यांच्या मागचे दहा-पंधरा जणही तसेच. प्रदर्शनाचं नाव 'शिवशस्त्रशौर्यगाथा' आहे, म्हणजे बाकीची शस्त्रंही मांडलेली आहेत. त्यांच्यासमोर मात्र आम्ही आणि एक शाळेची सहल. भाचा दांडपट्ट्यासमोर उभा राहून विचारत होता, याला मूठ कुठंय? पट्ट्याला तलवारीसारखी मूठ नसतेच. कोपरापर्यंत येणारं लोखंडी आवरण असतं, त्याच्या आत आडवा दांडा धरायचा. त्यामुळे मनगट वळत नाही, सगळा फिरवा खांद्यातून आणि कमरेतून येतो. शाळेतल्या एका पोराने हात ताठ करून फिरवून दाखवला आणि बाईंचा ओरडा खाल्ला. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात नीट प्रदर्शन त्यानेच पाहिलं.

नमस्कार करू नये असं मुळीच म्हणत नाही, मीही केला. पण नमस्कार झाल्यावर पाय लगेच बाहेर का वळतात? तुमच्या गावातलं संग्रहालय, एखादा स्मृतिदिन, जयंती, जिथे स्वतः जाऊन आलात तिथलं लिहा. फोटोंचा ढीग नको. एखादी वस्तू किंवा एखादी गोष्ट नीट सांगा.

शंकेखोर

धागा चांगलाय, पण हत्तीवरून जाताना हत्तीबद्दल बोलायचंच नाही का? ही वाघनखं महाराजांचीच कशावरून?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या स्वतःच्या नोंदीत आहे की अफझलखानाच्या वधात वापरलेली ती हीच, याची खातरजमा करता आलेली नाही. माग लागतो तो ग्रँट डफपर्यंत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर तो साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट झाला. पेशव्यांच्या प्रधानाने ही वस्तू त्याला दिली, असं सोबतच्या पेटीवर लिहिलंय, आणि पुढे त्याच्या नातवाने ती म्युझियमला दिली. प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. मधल्या दीडशेहून जास्त वर्षांचं काय? कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी यावर जाहीर आक्षेप घेतलाय. सरकारचं म्हणणं उलट आहे.

रानजाई

शंकेखोर, मुद्दा मान्य. म्हणून तर म्हणते, बघायला जा. नुसता नमस्कार करून परत येणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येणारच नाही. पेटीवरचा मजकूर काय, तो कोणी आणि कधी लिहिला, हे विचारायला वस्तूसमोर थोडं थांबावं लागतं. आणि ग्रँट डफ साताऱ्यातच राहून मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं गोळा करत होता. १८२६ मध्ये त्याचा तीन खंडांचा इतिहास छापला गेला. म्हणजे ती वस्तू अस्सल ठरो न ठरो, साताऱ्याच्या इतिहासातला एक तुकडा आहेच.

आडवाटेचा पंक्चरवाला

मी वाघनखं बघायला गेलो आणि कंदी पेढे घेऊन आलो. आमच्या घरात सहल यशस्वी मानली गेली.

खवचट काकू

पंक्चरवाले, निदान पेढ्यांच्या अस्सलपणावर तरी वाद नाही.

रानजाई, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आता माझं ऐका. म्हाताऱ्या माणसाला घेऊन संग्रहालयात जायचं तर तीन गोष्टी आधी बघा, बसायला बाक आहेत का, जिने किती, आणि स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर आहे की वरच्या. इतिहास नंतर. एका जिल्ह्याच्या गावी (नाव सांगत नाही, लोक अजून माझ्याशी बोलतात) मी आईला घेऊन गेले. तिथे वस्तूंखाली चिठ्ठ्या होत्या, त्यावर फक्त 'मूर्ती', 'मूर्ती', 'भांडे'. अहो, भांडं आहे हे मलाही दिसतंय! कुठल्या गावात सापडलं, कोणाच्या घरात होतं, त्यात काय शिजवायचे, ते सांगा ना. तिथल्या शिपायाला विचारलं तर त्याने मात्र सगळं सांगितलं. कुठल्या तळ्यातून कुठली मूर्ती निघाली, कोणाच्या शेतात नांगराला काय लागलं. ते त्याच्याकडून कोणी लिहून का घेत नाही?

पेठकरीण

काकू, तुम्ही केळकर संग्रहालयात चला माझ्याबरोबर. बाजीराव रस्त्यावर, माझ्या घरापासून चालत जाण्याएवढं. पुणेकर तिथे फक्त पाहुणे आले की जातात, हा अलिखित नियम आहे. मी तो मोडायचं ठरवलंय. दुपारची कामं आवरली की जाते, एकच दालन बघते आणि परत येते. सगळं एका दिवसात बघायचं म्हटलं की पाय दुखतात आणि काहीच लक्षात राहत नाही.

दिनकर केळकर मुळात कवी, 'अज्ञातवासी' या नावाने लिहायचे. १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली, पुढे सगळं आयुष्य त्यातच गेलं. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय आहे. १९७५ मध्ये सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत म्हणतात, मांडायला जागा मिळते ती त्यातल्या थोड्यांनाच.

मला तिथे राजेरजवाड्यांपेक्षा वज्री आवडतात. नव्या पिढीसाठी सांगते, न्हाताना टाच घासायची ती वज्री. आमच्याकडे साधी भाजलेल्या मातीची होती. तिथल्या पितळी आहेत, वरच्या बाजूला मोर, हत्ती, काय काय. खाली खरबरीत रेघा ओढलेल्या. काहींच्या पोटात खडे असतात, घासताना वाजावेत म्हणून. टाच घासण्यासारख्या कामातही कोणाला तरी नाद हवासा वाटला होता! आणि कोणीतरी ती मोडीत न घालता जपली. तशीच अडकित्त्यांची गोष्ट. घोड्याचे, पोपटाचे, नवराबायकोच्या जोडीचे. सुपारी काय, विळीवरही कातरता आली असती.

कोथरूडहून खांब, तुळया उचलून आणून उभा केलेला मस्तानी महालही तिथेच आहे. त्याच्यासमोर मात्र गर्दी असते, सेल्फीवाली.

शंकेखोर

मस्तानी महालाबद्दल पण शंका काढू का?

पेठकरीण

काढा की. पण आधी जाऊन या, मग काढा.

गड्ड्याची जत्रा

मी सोलापूरचा. आमच्याकडचा स्मृतिदिन सांगतो, कारण सोलापूरबाहेर तो कुणाला माहीतच नसतो. १२ जानेवारी.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली तसं सोलापूर पेटलं. गिरणी कामगार रस्त्यावर, गोळीबार, मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली गेली. काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल जवळजवळ उरलाच नव्हता, म्हणून त्यांनी मार्शल लॉ लावला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. नावं वाचा पुन्हा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. सोलापूर कसं आहे ते त्या चार नावांतच कळतं.

शहरात चार पुतळ्यांचा चौक आहे. रिक्षावाल्याला "चार पुतळा" एवढं म्हटलं की पुरे. १२ जानेवारीला सकाळी तिथे हार घालायला शाळेची पोरं, महापालिकेचे लोक, पुढारी, वयस्कर स्वातंत्र्यसैनिकांच्या घरचे येतात. मी लहानपणी शाळेच्या बँडमध्ये होतो, म्हणून जायचो. आता मुलीला घेऊन जातो. मजा अशी की सिद्धेश्वराची गड्डा यात्रा त्याच सुमारास असते. गावात नंदीध्वज निघायची तयारी, ६८ लिंगांना तैलाभिषेक, पांढरी बाराबंदी घातलेले लोक, आणि त्यातूनच वाट काढत आम्ही पुतळ्यांकडे. बाहेरून आलेल्याला वाटेल सगळी गर्दी एकाच सोहळ्याची आहे. आम्हालाही त्यात फारसा फरक वाटत नाही.

मुलीने मागे विचारलं, चौघांपैकी कुर्बान हुसेन कोणते? पुतळ्याखालचं नाव वाचून तिनेच शोधलं. रानजाईताई, तुमचा मुद्दा तिथे पटला. हार घालून झाल्यावर नाव वाचायला कोणी थांबत नाही.

इंद्रधनू

विषय संग्रहालयांचा होता ना? जयंत्या-पुण्यतिथ्या म्हणजे भाषणं, मंडप आणि ध्वनिवर्धक. मी तरी अशा दिवशी घरात बसते. संग्रहालयात शांतता असते, तिथे काही शिकता तरी येतं.

निळी पहाट

इंद्रधनू, ६ डिसेंबरला एकदा दादरला या, मग बोलू.

शिवाजी पार्कात त्या दिवशी पुस्तकांचे स्टॉल लागतात. विदर्भातून, मराठवाड्यातून रात्रभर रेल्वेने आलेली माणसं आधी चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहतात आणि मग पुस्तकं घेतात. माझी आजी अक्षरओळख नसलेली. पण दरवर्षी एक पुस्तक विकत घ्यायची, घरात कोणी ना कोणी वाचेल म्हणून. तिची ट्रंक आमच्याकडे अजून आहे. त्यात पातळ पातळ पुस्तिका, कॅलेंडरं, बिल्ले आणि महाडच्या एका कार्यक्रमाची पत्रिका. ती ट्रंक मला कुठल्याही दालनाइतकीच मोलाची वाटते, आणि ती त्या 'ध्वनिवर्धकवाल्या' दिवसांतून भरली गेली.

भाषणंही ऐकावीत. सगळीच पुढाऱ्यांची नसतात. शाहीर असतात, गाणारे जत्थे असतात, पेटीशिवाय नुसत्या डफावर गाणारे. महाडला २० मार्चला जा. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ज्या दिवशी ओंजळीत घेतलं तो दिवस. लोक पायऱ्या उतरून पाण्याला हात लावतात, मग वर येऊन बसतात आणि डबे सोडतात. त्या पाण्याला हात लावायला कोर्टकचेरी करावी लागली होती, खटला थेट १९३७ पर्यंत हायकोर्टात चालला. हे एका म्हातारबाबांनी तळ्याच्या काठावर बसून मला सांगितलं होतं, भाकरी खाता खाता.

इंद्रधनू

ट्रंकेची गोष्ट वाचून थांबले. गर्दीचं माझं मत बदललं नाही, मला गर्दीत जीव घाबरा होतो. पण ट्रंकेबद्दल अजून लिहा. त्या पुस्तिका कुठे छापलेल्या आहेत, किमती काय, हे सगळं. कागद जुना असेल तर डांबर गोळ्या थेट कागदाला लागू देऊ नका, डाग पडतात. सुती कापडात गुंडाळा आणि प्लास्टिकची पिशवी टाळा, आत दमट होतं.

निळी पहाट

कापडात गुंडाळून ठेवते. वेगळा धागा काढेन, इथे मावणार नाही. किमती मात्र आठवतात, चार आणे, आठ आणे.

टेम्सकाठचा गडी

लंडनहून लिहितोय. शंकेखोर यांनी उल्लेख केलेल्या म्युझियमला माझं जाणं होतं, प्रवेश फुकट आहे म्हणून थंडीत ऊब घ्यायलाही जातो, खोटं कशाला बोलू. तिथे टिपूचा वाघ बघायला पोरांची झुंबड असते. लाकडी वाघ एका गोऱ्या सोजिराच्या उरावर बसलाय, आत बाजा आहे. इंग्रज पोरं खुशीत हसतात आणि आईबाप जरा ओशाळतात. मला ते बघायला फार आवडतं.

पण निळी पहाट यांची पोस्ट वाचून दुसरीच जागा सांगावीशी वाटली. चॉक फार्म स्टेशनवरून चालत दहा नंबर किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहायचे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं. बाहेरून रस्त्यावरच्या इतर घरांसारखंच, फक्त भिंतीवर निळी गोल पाटी. शेजारपाजारच्या काहींनी तक्रार केली, निवासी वस्तीत संग्रहालय नको, गर्दी होते वगैरे. स्थानिक नगरपालिकेने परवानगी नाकारली. मग चौकशी बसली, आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. त्यामुळे 'गर्दी होते' ही तक्रार फक्त दादरकरांच्या नशिबी नाही हो.

आत गेलो तेव्हा भंडाऱ्याचं एक कुटुंब भेटलं. मुलगा इथे शिकायला आलाय, त्याला भेटायला आईवडील आलेले. आईने वरच्या खोलीत दारातूनच हात जोडले आणि मग खिडकीशी जाऊन किती तरी वेळ बाहेरचा रस्ता बघत उभी राहिली. नंतर मला म्हणाली, "इथून ते कॉलेजात पायी जायचे का हो?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन नकाशा काढला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स चालत जायचं तर चांगलाच पल्ला आहे, तासाभराच्या वरचा. असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

खवचट काकू

बघ रानजाई. नमस्कारही केला आणि तुझ्यापेक्षा जास्त बघितलंही.

रानजाई

काकू, तुम्ही आहात म्हणून धागा जिवंत आहे.

तेरणाकाठ

उशिरा आलो. सगळे साताऱ्याला जाताय, जरा मराठवाड्यात उतरा. धाराशिव जिल्ह्यातलं तेर. बहुतेकांना गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे 'तगर' नावाचं व्यापारी गाव होतं. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या पुस्तकात त्याचं नाव आहे. इथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं आणि तिथून जहाजाने रोमकडे.

गावात कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. लामतुरे गावातलेच. पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या जागेच्या) मातीत, शेतात, पावसाने धुपलेल्या टेकाडावर जे जे सापडेल ते गोळा करत राहिले. मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. पुढे तो सगळा संग्रह सरकारला मिळाला. त्यांच्या काळी गावातली पोरं पावसानंतर मणी वेचायची, असं आमचे आजोबा सांगायचे.

तिथली हस्तिदंती बाहुली बघा. स्त्रीची आकृती, अंगावर दागिने ठसठशीत, केसांची ठेवण बारीक कोरलेली. हिच्यासारखीच एक हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यात भोकरदनलाही अशाच घडणीची मिळाली. म्हणजे मराठवाड्यातल्या कुठल्या तरी कारागिराचं काम इसवी सन ७९ च्या आधी इटलीत पोचलं असण्याची दाट शक्यता आहे. अभ्यासक यावर अजून बोलतात, पण निदान घडणीचं नातं डोळ्यांना दिसतं.

आणि कोणी विचारायच्या आधी सांगतो, तिथे रांग नसते.

आडवाटेचा पंक्चरवाला

रोमकडून उलटही यायचं बरं का. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठी १९४० च्या दशकात निघाला. कांशाचा, छोटासा, एक हात वर. समुद्र कुठे आणि कोल्हापूर कुठे! कट्ट्यावर मिसळ खाऊन मी नेहमी त्याला भेटून येतो. मिसळीच्या दुकानाचं नाव विचारू नका, त्यावरून इथे मोठा दंगा होईल.

गड्ड्याची जत्रा

तेर सोलापूरहून जवळ. मुलीच्या सुट्टीत नेतो.

वऱ्हाडी ठेचा

धागा वर काढून राहिलो, माफी असावी. वाघनखं आता आमच्या नागपुरात आली ना भाऊ! फेब्रुवारी २०२५ पासून अजब बंगल्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासूनचं. लहानपणी आम्ही तिथे भुसा भरलेले प्राणी बघायला जायचो. बाकी दालनात काय होतं ते कोणाला विचारू नका, आम्ही वाघ बघून पळत बाहेर.

यावेळी बायको म्हणे, रानजाईच्या धाग्यावर वाचलं ते ध्यानात ठेवा, सगळं बघायचं. बरं बाप्पा, म्हटलं. वाघनखं पाहिली, हात जोडले, आणि मग उलट्या दिशेने निघालो. गोंड लोकांच्या वस्तूंचं दालन आहे तिथे. मी चंद्रपूरकडचा. तिथल्या काही वस्तू बघून हसूच आलं, आमच्या गावी त्या अजून वापरात आहेत. मासे धरायची बांबूची टोपली आमच्या मामाच्या परसात आजही टांगलेली असते. खालचं तोंड रुंद, वर हात घालायला भोक. गुडघाभर पाण्यात ती दाबून बसवायची आणि वरून हात घालून आतला मासा चाचपायचा. काटेवाला निघाला तर बोंब. पोरीला हे सगळं अभिनय करून दाखवलं तर बाजूला पाच-सहा जण जमले. एकजण म्हणे, तुम्ही इथले गाईड आहात काय?

खवचट काकू म्हणत होत्या तसं, सांगणारा माणूस पाहिजे. चिठ्ठीवर तेवढं लिहिता येत नाही.

शंकेखोर

वऱ्हाडी, तिथे वाघनखांच्या शेजारी मूळ पेटी आणि तिच्यावरचा मजकूर ठेवलाय का? आणि मराठीत काय लिहिलंय? कोणी जाणार असेल तर माहितीफलक शब्दशः वाचून या. मला 'महाराजांची' आणि 'महाराजांची मानली जाणारी' यातलं नेमकं काय लिहिलंय ते हवंय.

वऱ्हाडी ठेचा

आता रविवारी साळ्याला घेऊन पुन्हा जायचंच आहे, तेव्हा वाचून सांगतो. मी तर टोपलीतच अडकलो होतो ना.

खवचट काकू

तेरणाकाठ, आमच्या भिशी मंडळाचं तेरला यायचं ठरतंय. अठरा बायका, त्यातल्या निम्म्या सत्तरीच्या पुढच्या. गोरोबाकाकांची यात्रा चैत्रात असते ना? तेव्हा यावं की नंतर? आणि माझे ते तीन प्रश्न, बाक, जिने आणि तिसरं.

तेरणाकाठ

काकू, समाधी सोहळा चैत्र वद्य त्रयोदशीला. यात्रेत आलात तर भजन-कीर्तन भरपूर, पण ऊन मरणाचं आणि राहायला जागा मिळायची नाही. अठराजणी असाल तर दिवाळीनंतर या. सकाळी आधी त्रिविक्रमाचं मंदिर बघा. विटांचं आहे, मागची बाजू गोल, बौद्ध चैत्यगृहाच्या घडणीची. जुनं आहे, पटकन आत शिरून बाहेर पडू नका, मागून चक्कर मारा. मग तेरणेकाठी गोरोबाकाका, मग संग्रहालय. निघायच्या आधी संग्रहालयात फोन करून उघडं आहे का विचारा, सरकारी सुट्ट्यांचा घोळ असतो.

बाक आणि तिसरं, दोन्हीचा तपास उद्या स्वतः जाऊन करतो. जेवणाची काळजी करू नका, आमच्या वहिनी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी करतील. फक्त किती भाकरी ते आदल्या दिवशी कळवा, अठराजणींचं पीठ आयत्या वेळी दळून मिळत नाही.